राखणीचा कोंबडा

सासूबाईंनी देवाला कबूल केलेला कोंबडा उभाच राहीना. हे घरात सगळ्यांत आधी माझ्या लक्षात आलं आणि मी तोंड मिटून गप्प बसले. मी गप्प बसले म्हणजे प्रसंग काय असेल बघा. आमच्या ह्यांची बायपास नुकतीच झालेली, घरात सगळे पावलं न वाजवता चालत होते. अशात "आई, नवसाच्या कोंबड्याचे पाय गेले" हे सांगायचं कुणी?

नवस असा होता. हे ॲडमिट व्हायच्या आदल्या संध्याकाळी धाकटे भाऊजी रत्नागिरीहून आले, ते बुटांच्या खोक्यात एक पिल्लू घेऊन. मुठीत मावेल एवढं, तांबूस. सासूबाईंनीच फोन करून मागवलं होतं. त्यांनी ह्यांना खुर्चीत बसवलं, पिल्लू ह्यांच्यावरून उतरवलं आणि डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं, "बा राखणदारा, माझ्या लेकाला धडधाकट घरी आण. हा माझ्या हातानं वाढवून तुझ्या पायाशी आणीन." आमच्या गावी शेताच्या कडेला राखणदाराची जागा आहे. वर्षातून एकदा त्याला कोंबडा देतात, त्यालाच राखण म्हणतात. मी आपलं विचारलं, "आई, हा कोंबडाच आहे कशावरून? एवढ्याशा पिल्लाचं काय कळतंय?" त्या म्हणाल्या, "मी सांगते म्हणून." विषय संपला.

आमचं घर भाईंदर पूर्वेला, तळमजल्यावर. दोन खोल्या आणि मागे ग्रिल लावलेली गॅलरी, तिथे माझं शिलाई मशीन. मी ब्लाऊज शिवते. हॉस्पिटलच्या धावपळीत त्या पिल्लाकडे बघायला कुणाला सवड होती? खोक्यात गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरलेलं, आणि खोक्याबाहेर काढलं की आमची नवी चकाचक फरशी. दाणापाणी सासूबाई वेळेवर घालायच्या, पण त्यांचा जीव फोनकडे. हे घरी आले, जरा स्थिरस्थावर झालं, आणि मग मी पिल्लाकडे नीट पाहिलं. डोक्यावर तुरा फुटायला लागला होता, म्हणजे सासूबाईंचं खरं होतं. पण दोन्ही पाय दोन बाजूंना पसरलेले आणि पोट जमिनीला टेकलेलं. दाणे टाकले की पंखांनी वल्हवत यायचं.

शेवटी सांगितलं एकदाचं. सासूबाईंनी त्याला हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं. "अधू कोंबडा देवाला चालत नाही," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, सुटला बिचारा.

सुटला खरा, पण जगणार कसा? आमच्या बाजारात गावठी अंडी विकायला जवळच्या तारोडी गावाहून एक बाई येते. साठीची, कपाळावर आठ्या, आवाज खणखणीत. तिला विचारलं. तिनं अंडी मोजता मोजता विचारलं, "फरशीवर वाढवला काय गो?" मी हो म्हटलं. "मंग पाय फाकनारच. धरायला काय हाय त्याला? रविवारी घेऊन ये."

रविवारी पिशवीत कोंबडा घालून मी तारोडीला गेले. तिच्या अंगणात पाऊल टाकलं आणि जागच्या जागी उभी राहिले. एका कोंबडीचा एक पाय गुडघ्यापासून नव्हता, ती उड्या मारत अंगणभर हिंडत होती. एकीची मान कायमची वळलेली. आणि एक पांढरी, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. तिच्यापुढे एक काळी कोंबडी चालत होती. काळी दोन पावलं टाकायची, थांबून कुक् करायची, की पांढरी त्या आवाजावर पुढे. दाण्यांपाशी पोचल्यावर काळी टकटक चोच आपटायची आणि पांढरी बरोबर तिथे तोंड घालायची. मी विचारलं, "शिकवलं कुणी हिला?" बाई म्हणाली, "कुनी न्हाय. तिची तीच." माणसांच्या जगात इतकी वर्षं काढली, पण असं काही पाहिलं नव्हतं मी.

"तुम्ही कापत नाही का यांना?" माझ्या तोंडून निघून गेलं. बाई मोठ्यानं हसली. "कापते की! कोंबड्या काय पुजायला ठेवल्यात? पन जी माझ्याकडं बघून जगाया लागली, तिच्यावर हात कसा चालंल?"

माझा कोंबडा तिनं मांडीवर घेतला. पाय चाचपले, सांधे वाकवून पाहिले. "उशीर झालाय गो बाय," म्हणाली. माझा चेहरा पडलेला बघून पुढे म्हणाली, "पन मेलेला न्हाय ना? मंग?"

तिनंच मला त्या ग्रुपवर घेतलं. कोंबड्या पाळणाऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप, पण सगळी अशीच मोडकीतोडकी पाखरं सांभाळणारी माणसं. त्यात काशीमीऱ्याचा एक गॅरेजवाला होता. त्याच्या कोंबडीचा पंजा ट्रकच्या चाकाखाली गेलेला, ती दिवसभर त्याच्या पान्यांच्या पेटीवर बसून असायची. मीरा रोडला क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवणारी एक मुलगी होती. तिच्या कोंबडीची चोच कात्रीसारखी तिरकी, त्यामुळे ती दोन बॅचच्या मध्ये घरी पळत जाऊन तिला चमच्यानं भरवायची. मी पहिल्याच दिवशी लिहिलं, "माझा कोंबडा उभा राहत नाही." एरवी कुठल्याही ग्रुपवर असलं काही लिहिलं की वर हसणारी तोंडं येतात. इथे एकदम प्रश्न आले. किती महिन्यांचा? बोटं हलवतो का? खातो का? त्याला खाली काय अंथरलंय? मी मशीनवर बसून उत्तरं देत होते आणि मला चक्क रडू येत होतं. लोकांच्या ब्लाऊजना बाह्या जोडून देणारी मी, आणि माझ्या कोंबड्याच्या पायाची काळजी करायला कुठली कुठली माणसं धावली होती.

तर कामाला लागलो. खाली फरशीवर गोणपाट अंथरलं, म्हणजे नखांना धरायला मिळेल. दोन्ही पाय शरीराखाली आणून मऊ पट्टीनं आठाच्या आकड्यासारखे बांधायचे, मध्ये बोटभर अंतर ठेवायचं. पट्टीसाठी कापड शोधत होते तर सासूबाई आपणहून उठल्या आणि ट्रंकेतलं जुनं पातळ काढून दिलं, धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं. "हे घे. तुझं ते अस्तर टोचेल त्याला." मी बघतच राहिले. त्या पातळाला त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. त्याचे पाय कोमट पाण्यात शेकायचं कामही त्यांनी स्वतःकडे घेतलं. मला वाटलं, म्हातारीला लळा लागला. आतून फार बरं वाटलं मला.

गॅरेजवाल्यानं कोंबड्याला टांगून उभं करायला पाइपाचा एक स्टँड बनवून पाठवला. "भाभी, झोळी तुम्ही शिवा, ते आपल्याला जमणार नाही." झोळी शिवली. पायांना दोन भोकं, शेपटीला एक, छातीखाली दुहेरी कापड. आयुष्यभर बायकांची मापं घेतली, आता कोंबड्याची छाती मोजत होते. हे पलंगावरून बघत बघत हसायचे, आणि हसल्यावर टाके दुखले की मला बोल लावायचे. झोळीत टांगलेला कोंबडा पायांनी जमीन चाचपायचा. आधी नुसती नखं टेकायची, मग बोटं, मग पंजा. त्याचा फोटो टाकला की ग्रुपवर दिवाळी. क्लासवाल्या मुलीनंही तिच्या कोंबडीसाठी माझ्याकडून झोळी शिवून घेतली, भरवताना धडपड करू नये म्हणून.

आणि एका सकाळी मी दूध आणून गॅलरीत आले, तर तो झोळीबाहेर उभा होता. सासूबाईंनी पाय शेकून गोणपाटावर ठेवला होता आणि तो बसलाच नाही. सगळं अंग थरथरत होतं, मान ताठ, डोळा वटारलेला. एक पाय उचलला. पडणार, पडणार म्हणून मी पुढे धावले तर सासूबाईंनी माझा हात धरला. त्यानं तो पाय पुढे टाकला. मग दुसरा. अगंबाई! ज्याचे पाय पंख्यासारखे फाकलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते, ते ह्या जिवानं आपल्या अंगाखाली आणले होते. आम्ही पट्ट्या बांधल्या, झोळी शिवली, सगळं खरं. पण उभं राहायचं हे त्याचं त्यानं ठरवलं होतं. मी हात जोडले, कुणाला ते मलाही कळलं नाही.

काही दिवसांनी तो आरवला. आरवणं कसलं, दार करकरल्यासारखा आवाज! वरच्या मजल्यावरच्या गुजराती बेन अंड्यालासुद्धा शिवत नाहीत, त्या खाली आल्या. मी भांडायच्या तयारीत पदर खोचला. तर म्हणतात, "भाभी, इसका तो गला खराब है, हल्दी दो ना."

ह्या सगळ्या आनंदात सासूबाई फोनवर बोलताना मी ऐकलं. भाऊजींना सांगत होत्या, "कोंबडा उभा राहिला. पळतोय चांगला. राखणीच्या आधी येऊन घेऊन जा."

मी कात्री ठेवून त्यांच्यासमोर गेले. मी विचारलं, "आई, तुम्ही तर म्हणाला होतात अधू कोंबडा चालत नाही."

"आता कुठे अधू आहे तो?"

"मग ते पातळ, ते पाय शेकणं, सगळं ह्यासाठी?"

त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "अगो, मग कशासाठी? माझ्या लेकावरून उतरवलेला तो. दुसरा देऊन कसा चालेल? तो उभा राहिल्याशिवाय माझा शब्द पुरा कसा व्हायचा होता?"

संताप संताप झाला माझा. देवावर, सासूबाईंवर, सगळ्यांत जास्त स्वतःवर. पाय बरे केले आणि त्या पायांवर त्याला सुरीकडे चालवत नेणार! पांगळा होता तोवर जिवंत होता. ग्रुपवर लिहिलं. गॅरेजवाला म्हणाला, "सेम टू सेम तांबडा कोंबडा आणून देतो, आईंना कळणार पण नाही." क्लासवाली म्हणाली, "सरळ मेला म्हणून सांगा, तोवर माझ्याकडे ठेवा." मी दोघांनाही हो म्हणायच्या बेतात होते. तेवढ्यात तारोडीच्या बाईचा आवाज आला, मेसेज नव्हे, रेकॉर्ड करून पाठवलेला. "म्हातारीला फसवू नको गो. तिनं पोरासाटी शबुद दिलाय, तुझ्या नवऱ्यासाटीच ना? मागायचं तर तिच्या तोंडावर माग."

मागितलं. सासूबाई ताटात कुळीथ निवडत होत्या. समोर बसले आणि म्हटलं, "आई, मी कोंबडा देणार नाही."

"तुझा आहे?"

"नाही."

"मग?"

"देवानं त्याला आधी नाकारलं होतं. तुम्हीच म्हणालात. नाकारलेला आम्ही उचलला, आता परत कसा मागतो तो?"

त्या निवडत राहिल्या. आतून हे ओरडले, "आई, माझ्यासाठी कुणाला मारू नको गं!" त्यांनी मान न वळवता सांगितलं, "तू गप्प बस. तुझ्याशी बोलत नाही कुणी." मग ताट खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "आणि लेकाला काही झालं तर?"

देवावर माझा विश्वास किती, कुणी विचारलं तर मला धड सांगता येणार नाही. पण ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसले होते तेव्हा मीही त्या पिल्लाचा आधार धरला होता, हे खोटं कसं बोलू? मी उठून मशीनवर जाऊन बसले. त्या दिवशी एका ब्लाऊजची बाही उलटी जोडली.

भाऊजी आले ते पाटी घेऊनच. वेताची, वर जाळी बांधलेली. मी त्यांच्यापुढे चहा आदळला. सासूबाईंनी कोंबड्याला हाक मारली. तो तुरुतुरु चालत त्यांच्याकडे गेला, आणि त्याची ती चाल बघून माझे डोळे भरून आले. त्यांनी त्याला मांडीवर घेतलं, चष्मा मागून घेतला आणि तपासायला सुरुवात केली. द्यायचा कोंबडा असाच तपासतात, त्यांच्या सासूनं त्यांना शिकवलेलं. तुरा पाहिला, चोच उघडून पाहिली, एकेक पंख पसरून पाहिला. मग पाय. भाऊजी घड्याळाकडे बघत होते. सासूबाईंचा हात डाव्या पायाच्या शेवटच्या बोटावर थांबला.

"हे बघ. बोट वाकडं आहे."

ते बोट मला ठाऊक होतं, रोज मी चोळत होते. नखाशी जरासं आत वळलेलं. त्याला व्यंग म्हणायचं मला, ग्रुपवर, कुणालाही सुचलं नव्हतं. रोज पाय शेकणाऱ्या सासूबाईंनाही ते आजच दिसलं असेल यावर माझा विश्वास नाही.

भाऊजी म्हणाले, "आई, एवढंसं तर आहे. गावात कोण बघतंय?"

"गावाला नाही द्यायचाय."

"अगं पण तो पळतोय!"

"अधू आहे. चालत नाही."

"मग नारळ ठेवू का?"

"नारळ कबूल केला नव्हता मी."

"मग नवसाचं काय करायचं?" भाऊजी आता घाबरले होते. त्यांचाही भाऊच तो.

सासूबाईंनी कोंबड्याचं बोट हातातून सोडलं नाही. "शब्द कुणी दिला? मी. मग तो माझ्यापाशीच राहील. राखणदार मागेल तेव्हा मी जाब देईन. आता भेटायचंच आहे आम्हाला, असे किती दिवस उरलेत?" मग खोलीत आमच्यापैकी कुणाकडेच न बघता, मोठ्यानं आणि जरा दरडावून म्हणाल्या, "जे काय असेल ते माझ्यावर. लेकाला हात लावायचा नाही."

ह्या बाईनं उभ्या आयुष्यात एक सोवळं मोडलं नव्हतं, उपासाचा एक वार चुकवला नव्हता. ती माझ्या घरात, कोंबडा मांडीवर घेऊन, देवाला बजावत होती. पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "ऊठ गो, त्याला जेवायला वाढ. गाडी चुकेल त्याची." भाऊजी रिकामी पाटी घेऊन गेले.

पण पाटी परत गेली म्हणून सगळं सोपं झालं असं नाही. वैशाखात ह्यांना ताप आला. तो उतरला हे आधीच सांगून टाकते, डॉक्टरांनी व्हायरल म्हणून सांगितलं. पण पहिल्या दिवशी ते कुठे माहीत होतं? छातीचं ऑपरेशन झालेला माणूस, अंग विस्तवासारखं तापलेलं, बोलणं असंबद्ध. सासूबाई त्यांच्या उशाशी बसल्या त्या हलल्याच नाहीत. पाण्याचा घोट नाही. मी कपाळावरच्या ओल्या पट्ट्या बदलत होते आणि सारखी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. माझ्या मनात जे होतं तेच त्यांच्या मनात होतं, ते सांगायला कुणी नको होतं.

भर दुपारी गॅलरीत कोंबडा आरवला. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. मी पट्टी हातात धरून तशीच थांबले. आता बोलणार. आता म्हणणार, भाऊजींना बोलाव. आणि खरं सांगते, त्यांनी म्हटलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं. इतकं भांडलेली मी, मीच त्याला पाटीत घातलं असतं.

त्यांनी डोळे उघडले. एक हात ह्यांच्या कपाळावर होता, तो तसाच ठेवून माझ्याकडे वळल्या.

"अगो, ऊन चढलंय. त्याचं पाणी बदललंस काय?"

"बदलते, आई."

"मडक्यातलं घाल. नळाचं तापलेलं असतं."

मी मडक्यातलं पाणी घेऊन गॅलरीकडे निघाले. त्याची वाटी विसळली आणि काठोकाठ भरली.